चिमणीतून काय निघते, हे विचारावे कसे?

नागपूरच्या उत्तरेकडच्या कुठल्याही उंच गच्चीवर उभे राहिले की कोराडीच्या चिमण्या दिसतात आणि त्यांच्या पलीकडे खापरखेड्याच्या. वर्धा रोडने दक्षिणेला निघाले की बुटीबोरी लागते, पश्चिमेला हिंगणा, वायव्येला कळमेश्वर, भंडारा रोडने पूर्वेला मौद्याचे एनटीपीसीचे वीज केंद्र. या शहरातला आणि त्याच्या आसपासच्या गावांतला माणूस रोज कुठल्या ना कुठल्या चिमणीच्या वाऱ्याखाली असतो. पण काल या चिमणीतून नेमके काय आणि किती बाहेर पडले, असे विचारले तर बहुतेक जण म्हणतात, ‘ते आपल्याला कोण सांगणार?’

हा समज खोडून काढण्यासाठीच हा लेख लिहितो आहे. सांगण्याचे बंधन कायद्यात आहे. माहिती मोजली जाते, लिहिली जाते आणि सरकारी नस्तीत जाऊन बसते. तिच्यापर्यंत आपण पोचत नाही, कारण ती ज्या कागदांत असते त्यांची नावे आपल्याला ठाऊक नसतात. ‘आमच्या भागातील प्रदूषणाची माहिती मिळावी’ असा अर्ज केला की ‘सदर माहिती या कार्यालयात उपलब्ध नाही’ असे उत्तर येते आणि माणूस हात टेकतो. अर्जात कागदाचे नाव, चिमणीचा क्रमांक आणि तारीख लिहिली, तर तोच अधिकारी असे उत्तर सहज देऊ शकत नाही.

सुरुवात संमतीपत्रापासून करा. बोलीत सगळे त्याला ‘कन्सेंट’ म्हणतात. १९७४ चा जल प्रदूषण कायदा आणि १९८१ चा वायू प्रदूषण कायदा यांनुसार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीशिवाय प्रदूषण करणारा कारखाना चालवता येत नाही. त्या कारखान्याने किती उत्पादन घ्यायचे, कोणते इंधन किती जाळायचे, चिमण्या किती आणि किती उंचीच्या, प्रत्येकीला कोणते शुद्धीकरण यंत्र, धूळ किती मिलिग्रॅमपर्यंत चालेल, सांडपाणी रोज किती निघेल आणि ते कुठे सोडायचे, घातक कचरा किती आणि तो कोणाकडे जाणार, हे सारे त्या कागदावर असते. मंडळ ही संमतीपत्रे आपल्या संकेतस्थळावर टाकते. कारखान्याच्या नावाने शोधली की बरीचशी सापडतात. कंपनीने मध्ये नाव बदललेले असेल तर जुन्या नावानेही शोधून पाहा.

संमतीपत्र इंग्रजीत आणि लांबलचक असते. त्यामुळे घाबरून जाऊ नका. त्यातल्या चार जागा आधी वाचा: संमतीची मुदत कधी संपते, चिमण्यांचा तक्ता, सांडपाण्याचा तक्ता आणि शेवटी जोडलेल्या विशेष अटी. खरी गोम बहुतेक वेळा या विशेष अटींत असते. ‘अमुक यंत्र अमुक तारखेपर्यंत बसवावे, त्यासाठी इतक्या लाखांची बँक हमी’ असे तिथे लिहिलेले असते. मंडळाने कारखान्यातली कोणती उणीव आधीच हेरली आहे, हे त्यावरून कळते. ती तारीख उलटून गेली असेल, तर तुमचा पुढचा प्रश्न आयता तयार झाला: यंत्र बसले का, आणि नसेल तर बँक हमी जप्त झाली का?

संकेतस्थळावर संमतीपत्र मिळाले नाही तर कार्यालयात जा. नागपुरात मंडळाचे प्रादेशिक कार्यालय सिव्हिल लाइन्समधल्या उद्योग भवनात आहे. संमतींची नोंदवही ठेवणे दोन्ही कायद्यांनी मंडळाला बंधनकारक केले आहे. जल कायद्याच्या कलम २५ चे पोटकलम ६ आणि वायू कायद्याचे कलम ५१ असे सांगतात की ज्याचा त्या सांडपाण्याशी किंवा धुराशी संबंध येतो, त्या कोणालाही ही नोंदवही वाजवी वेळेत पाहता आली पाहिजे. ही तरतूद माहितीच्या अधिकाराहून कितीतरी जुनी आहे. ती फारसे कोणी वापरत नाही, म्हणून एका ओळीच्या साध्या पत्रात दोन्ही कलमांचे आकडे लिहून ते पत्र आवक शाखेत द्या आणि पोच घ्या.

कारखान्याचे फाटकही वाचायला शिका. घातक कचऱ्यासंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००३ मध्ये दिलेल्या आदेशानंतर, घातक रसायने हाताळणाऱ्या कारखान्यांनी मुख्य फाटकाबाहेर फलक लावून रसायनांचा प्रकार व प्रमाण, सांडपाणी, धूर आणि घातक कचरा यांची माहिती द्यायची आहे. मंडळाच्या संमतीपत्रांतही ही अट असते. फलक नसेल, कोरा असेल किंवा त्यावर मागच्या वर्षीचे आकडे असतील, तर सार्वजनिक रस्त्यावर उभे राहून तारीख दिसेल असा फोटो काढा. कारखान्याच्या आवारात मात्र परवानगीशिवाय पाऊल टाकू नका. अशा एका चुकीने सगळी चर्चा तुमच्यावरच्या गुन्ह्याकडे वळते.

इथे एक गल्लत दूर करायला हवी. मोबाइलवर दिसणारा हवेचा निर्देशांक आणि चिमणीतले उत्सर्जन या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नागपुरात सिव्हिल लाइन्सला जीपीओसमोर, अंबाझरीला, महालात आणि रामनगरात स्वयंचलित केंद्रे हवा मोजतात. ‘समीर’ या ॲपवर ते आकडे दिसतात. तिथे वाहने, बांधकामे, रस्त्यावरची धूळ, जळता कचरा आणि कारखाने या सगळ्यांची सरमिसळ मोजली जाते. महालातला आकडा वाढला म्हणून हिंगण्याचा अमुक कारखाना दोषी ठरत नाही, आणि तो समाधानकारक दिसला म्हणून कोराडीजवळच्या सुरादेवी गावातल्या घरांवर बसणारी राखड खोटी ठरत नाही. चिमणीबद्दल विचारायचे असेल तर चिमणीचाच आकडा मागावा लागतो.

हा आकडा दोन वाटांनी तयार होतो. पहिली वाट चिमणीतच बसवलेल्या यंत्राची. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने फेब्रुवारी २०१४ मध्ये औष्णिक वीज, सिमेंट, साखर, मद्यार्क, पोलाद, कागद, औषधे अशा अति-प्रदूषणकारी १७ उद्योग प्रकारांना चिमणीत व सांडपाण्याच्या तोंडाशी सतत मोजणारी यंत्रे बसवायला सांगितले. ही यंत्रे दर १५ मिनिटांची सरासरी थेट राज्य व केंद्रीय मंडळाच्या संगणकाकडे पाठवतात. पर्यावरण सुरक्षा समितीच्या याचिकेवर २२ फेब्रुवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुढचे पाऊल टाकले: राज्य मंडळांनी असे आकडे आपल्या पोर्टलवर लोकांना दिसतील असे मांडावेत, आणि ही व्यवस्था सहा महिन्यांत करावी. माझ्या दृष्टीने सामान्य नागरिकासाठी या विषयातला हा सर्वांत मोलाचा आदेश आहे. अर्जात त्याचा तारखेसह उल्लेख जरूर करा.

दुसरी वाट माणसाने घेतलेल्या नमुन्याची. मंडळाचे क्षेत्र अधिकारी कारखान्यात जाऊन चिमणीचे आणि सांडपाण्याचे नमुने घेतात. मंडळाच्या बोलीत त्यांना ‘जेव्हीएस’ म्हणतात, म्हणजे संयुक्त दक्षता नमुने. अर्जात हा शब्द वापरलात तर तुम्हाला काय हवे आहे ते समोरच्याला लगेच कळते. जून २०१७ पासून मंडळाने चिमणीच्या नमुन्यांतल्या धुळीवर आधारित तारांकन सुरू केले. एक तारा म्हणजे सर्वांत वाईट, पाच म्हणजे सर्वांत चांगला. शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांच्या साथीने आखलेली अशी योजना देशात सर्वप्रथम महाराष्ट्रात आली. मात्र तारे केवळ धुळीचे आहेत. पाच तारे मिळालेल्या कारखान्याच्या सांडपाण्याबद्दल किंवा वायूंबद्दल त्यातून काही कळत नाही.

आकडा हाती आला की तो वाचायचा कसा, हे थोडे सविस्तर सांगतो, कारण लोक इथेच सर्वाधिक फसतात.

उत्सर्जन घनमीटरमागे मिलिग्रॅममध्ये लिहितात. कोळशावरच्या वीज केंद्रांसाठी ७ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने मर्यादा ठरल्या. २००३ पर्यंत उभ्या झालेल्या संचांना धुळीची मर्यादा १००, त्यानंतर २०१६ अखेरपर्यंतच्या संचांना ५०, आणि १ जानेवारी २०१७ पासूनच्या संचांना ३०. म्हणून संच कधी सुरू झाला हे आधी पाहा. एकाच आवारातल्या दोन चिमण्यांना वेगवेगळी मर्यादा असू शकते, आणि कोणीतरी सगळ्या केंद्राची मिळून सरासरी पुढे केली, तर जुन्या संचाचा धूर नव्या संचाच्या चांगल्या आकड्यामागे लपतो.

गंधक डायऑक्साइडच्या मर्यादेची कहाणी लांबली आहे. मूळ मुदत दोन वर्षांची होती, ती पुनःपुन्हा वाढली, आणि ११ जुलै २०२५ च्या अधिसूचनेने देशातल्या बहुसंख्य केंद्रांना चिमणीच्या उंचीच्या अटीवर त्या मर्यादेतूनच सूट दिली. दहा लाखांहून अधिक लोकवस्तीच्या शहरापासून दहा किलोमीटरच्या आतल्या केंद्रांना मात्र २०२७ अखेरची मुदत राहिली. नागपूर दहा लाखांहून कितीतरी मोठे आहे. तेव्हा तुमच्या जवळचे केंद्र कोणत्या वर्गात धरले आहे, अंतर कुठून कुठवर मोजले आणि गंधक काढणारी यंत्रणा कुठल्या टप्प्यावर आहे, हे तिन्ही प्रश्न कोराडी-खापरखेड्याची केंद्रे चालवणाऱ्या महानिर्मितीला आणि मंडळाला लेखी विचारण्यासारखे आहेत. धुळीच्या मर्यादेला ही सूट नाही, हेही ध्यानात असू द्या.

आता एककाची गोष्ट. काही तक्ते वायूंचे आकडे पीपीएममध्ये देतात. गंधक डायऑक्साइडचा १ पीपीएम म्हणजे सुमारे २.६ मिलिग्रॅम. तेव्हा पीपीएममधला २०० आणि मिलिग्रॅममधली मर्यादा २०० यांची तुलना करून ‘बरोबर मर्यादेवर आहे’ असे कोणी म्हणाले, तर प्रत्यक्षात ते मर्यादेच्या अडीचपटीहून वर असते.

आणि मर्यादेत असणे म्हणजे थोडे असणे, असे समजू नका. चिमणीच्या तपासणी अहवालात ताशी किती घनमीटर वायू बाहेर पडतो हेही लिहिलेले असते. समजा तो दहा लाख घनमीटर आहे आणि धूळ ५० मिलिग्रॅम. गुणाकार करा: ताशी ५० किलो, दिवसाला १,२०० किलो. सगळे कायद्यात बसणारे, तरी रोज सव्वा टनाच्या आसपास बारीक धूळ. हा गुणाकार ग्रामसभेत फळ्यावर करून दाखवला की मिलिग्रॅम या शब्दाने वाटणारा दिलासा ओसरतो.

सतत मोजणाऱ्या यंत्राच्या तक्त्यात तीन गोष्टी शोधा. तासन्‌तास न हलणारा एकच आकडा, कारण जळत्या भट्टीचे उत्सर्जन इतके स्थिर राहत नाही. रिकाम्या जागा, आणि त्या नेमक्या रात्रीच पडतात का. तिसरे, महिन्याची सरासरी देऊन मधले उंचवटे पुसले आहेत का. नागपुरात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री थंड हवा जमिनीलगत साचून राहते आणि धूर वर जात नाही. त्या रात्रींचे १५-१५ मिनिटांचे आकडे मागा. पावसाळ्यातली सरासरी तुमच्या फारशी उपयोगाची नाही.

हवेचे एवढे झाले. कोराडी-खापरखेड्यात प्रश्न पाण्याचा आणि राखेचाही तितकाच आहे. कोळसा जळून उरलेली राख पाण्यात कालवून नळांतून खसाळा, वारेगाव, नांदगावच्या बंधाऱ्यांपर्यंत नेली जाते. मंथन अध्ययन केंद्र, नागपूरचे सेंटर फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट आणि असर या संस्थांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या परिसरातले पाण्याचे नमुने तपासून त्यांत जड धातूंचे प्रमाण मानकांहून जास्त आढळल्याची नोंद केली. फेब्रुवारी २०२२ मध्ये तत्कालीन पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे नांदगावला येऊन गेले आणि तिथे राख टाकणे थांबवण्याचे आदेश निघाले. त्याच वर्षी जुलैच्या पावसात खसाळ्याचा बंधारा फुटला, राखड कोलार नदीत आणि तिथून कन्हानमध्ये उतरली. कन्हानचे पाणी नागपूरकर पितात. गावाने वर्षानुवर्षे सांगितलेली गोष्ट त्या दिवशी शहराच्या नळापर्यंत आली.

राखेचे कागद वेगळे आहेत. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेनुसार प्रत्येक कोळसा वीज केंद्राने किती राख निघाली आणि किती वापरली गेली हे दर महिन्याला केंद्रीय मंडळाच्या पोर्टलवर भरायचे आहे, आणि आर्थिक वर्षाचा अहवाल ३० एप्रिलपर्यंत द्यायचा आहे. त्याबरोबर बंधाऱ्याच्या मजबुतीचा तपासणी अहवाल आणि भोवतालच्या विहिरींच्या पाण्याचे तपासणी अहवाल मागा. बंधारा फुटल्यावर मागण्यापेक्षा मे महिन्यात मागितलेले बरे.

माहितीच्या अधिकाराचा एक भाग बहुतेकांना ठाऊक नसतो. २००५ च्या कायद्याच्या कलम २ (ञ) मध्ये कागद पाहण्याबरोबरच सरकारी यंत्रणेच्या ताब्यातल्या किंवा नियंत्रणाखालच्या वस्तूंचे प्रमाणित नमुने घेण्याचा आणि कामाची पाहणी करण्याचाही हक्क दिला आहे. महानिर्मिती ही सरकारी कंपनी आहे, म्हणून तिला हा कायदा थेट लागू होतो. राखेचा किंवा बंधाऱ्यातून पाझरणाऱ्या पाण्याचा प्रमाणित नमुना मिळावा, असा अर्ज करता येतो. नमुना पुढे कोणत्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत देणार, हे आधी ठरवा, कारण बाटली कशी हवी, किती वेळात पोचायला हवी, हे प्रयोगशाळाच सांगते. १९५८ पासून पर्यावरणाचे शास्त्र अभ्यासणारी ‘नीरी’ ही राष्ट्रीय संस्था आपल्याच शहरात आहे. अहवाल कसा वाचावा, हे समजून घ्यायला तिथल्या जाणकारांकडे किंवा महाविद्यालयातल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांकडे जाण्यात संकोच नको.

खासगी कारखान्याला माहितीच्या अधिकारात थेट अर्ज करता येत नाही. पण त्याच्याबद्दलचे जे कागद मंडळाकडे आहेत, किंवा मंडळ कायद्याने मागवू शकते, ते मंडळाकडून मिळतात. राज्याच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा, शुल्क दहा रुपये, कोर्ट फी स्टॅम्प लावला तरी चालतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. राज्य सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवरूनही अर्ज करता येतो. मौद्याच्या एनटीपीसीला अर्ज करताना मात्र केंद्राचे नियम लागतात. तिथे कोर्ट फी स्टॅम्प लावू नका, पोस्टल ऑर्डर जोडा किंवा केंद्राच्या पोर्टलवरून भरा.

अर्जाचा मजकूर असा करता येईल:

‘विषय: (कारखान्याचे नाव, भूखंड क्रमांक, औद्योगिक क्षेत्र) यांच्या उत्सर्जनाचे अभिलेख. कालावधी: १ एप्रिल २०२३ ते अर्जाचा दिनांक. कृपया पुढील अभिलेखांच्या प्रमाणित प्रती द्याव्यात: चालू संमतीपत्र व त्याचा अर्ज, चिमणी व सांडपाण्याच्या सर्व जेव्हीएस नमुन्यांचे विश्लेषण अहवाल, क्षेत्र अधिकाऱ्यांचे भेट अहवाल, नमुना ५ मधील पर्यावरण विवरणपत्रे, कारणे दाखवा नोटिसा, प्रस्तावित व अंतरिम निर्देश, बंदचे आदेश व त्यांवरील उत्तरे, बँक हमी जप्तीचे आदेश. १ डिसेंबर ते ३१ जानेवारी या काळातील सतत मापन यंत्रणेचे दर १५ मिनिटांचे आकडे सीडी अथवा ईमेलवर मिळावेत. प्रती देण्यापूर्वी नस्तीची तपासणी करण्याची संधी मिळावी.’

शेवटचे वाक्य वगळू नका. प्रतीला पानामागे दोन रुपये पडतात आणि नस्ती शेकडो पानांची असू शकते. तपासणीला पहिल्या तासाचे शुल्क लागत नाही. दोघे जा, एकाने पाने उलटावीत, दुसऱ्याने हव्या त्या पानांचे क्रमांक टिपावेत. नस्तीतल्या टिपण्या वाचा. संमती देताना कोणत्या अधिकाऱ्याने कोणती हरकत घेतली होती आणि ती वर कशी निकाली निघाली, हे तिथे सापडते, बाहेरच्या कागदात नाही. ‘नमुना ५’ हे वार्षिक विवरणपत्र १९८६ च्या पर्यावरण नियमांतल्या नियम १४ खाली प्रत्येक कारखान्याने ३० सप्टेंबरपर्यंत द्यायचे असते. त्यात पाणी, कच्चा माल, सोडलेले प्रदूषक आणि घातक कचरा यांचे वर्षाचे आकडे कारखान्याने स्वतःच भरलेले असतात. संमतीपत्रातले उत्पादन आणि या विवरणपत्रातले उत्पादन शेजारी ठेवून पाहा. परवानगीपेक्षा जास्त उत्पादन असेल तर ते त्यांच्याच अक्षरात लिहिलेले मिळते.

उत्तर तीस दिवसांत यायला हवे. ‘ही त्रयस्थ पक्षाची माहिती आहे, कंपनीची हरकत आहे’ किंवा ‘व्यापारी गुपित आहे’ ही नकाराची नेहमीची कारणे. कंपनीला हरकत घेण्याची संधी मिळते, पण निर्णय कंपनीचा नसतो, जन माहिती अधिकाऱ्याचा असतो. व्यापारी गुपिताचे कलम ८ (१) (घ) स्वतःच म्हणते की व्यापक सार्वजनिक हित असेल तर माहिती द्यावी. रसायन बनवण्याची कृती गुपित असू शकते. सगळ्यांच्या हवेत सोडलेला वायू गुपित कसा राहील? हे वाक्य अपिलात लिहा. पहिले अपील तीस दिवसांत त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे, त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे. आयोगाकडे बराच काळ जातो. म्हणून सारा भर पहिल्या अपिलाच्या सुनावणीवर ठेवा आणि कागदांची यादी हातात घेऊन तिथे प्रत्यक्ष हजर राहा.

मोठ्या प्रकल्पांना याशिवाय पर्यावरण मंजुरी लागते. २००६ च्या अधिसूचनेनुसार मंजुरी मिळालेल्या प्रकल्पाने अटी पाळल्याचा अहवाल दर १ जूनला आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. हा अहवाल सार्वजनिक कागद आहे आणि अर्ज करणाऱ्या कोणालाही त्याची प्रत द्यावी, असे त्या अधिसूचनेतच लिहिले आहे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचे प्रादेशिक कार्यालय नागपुरातच, सिव्हिल लाइन्समध्ये आहे. मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवरही मंजुरीपत्रे आणि बरेच अहवाल मिळतात.

नवा प्रकल्प येत असेल तर जनसुनावणी हा प्रश्न विचारण्याचा सगळ्यांत मोकळा मंच. कोराडीला ६६० मेगावॅटचे आणखी दोन संच उभारण्याच्या प्रस्तावावर २९ मे २०२३ रोजी, विदर्भाच्या ऐन उन्हात, अशी सुनावणी झाली. सुनावणीची सूचना किमान तीस दिवस आधी वर्तमानपत्रांत यावी लागते. प्रकल्प अहवालाचा मसुदा आणि मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र अशा ठिकाणी ठेवलेला असतो. मराठीत सारांशच मिळतो, मूळ अहवाल इंग्रजीत, आणि हा मला मोठा अन्याय वाटतो. ज्याच्या विहिरीचा प्रश्न आहे त्याला अहवाल स्वतः वाचता आला पाहिजे. तोवर गावातल्या शिकलेल्या मुलामुलींनी प्रकरणे वाटून घ्यावीत. कोणी हवा, कोणी पाणी, कोणी राख. मोजमाप कुठल्या ऋतूत, कुठल्या गावांत केले आणि आपले गाव त्यात का नाही, हे पहिले पाहायचे. सुनावणीत बोलायला मिळाले नाही तरी लेखी म्हणणे देता येते. सुनावणीच्या शेवटी कामकाजाचा गोषवारा स्थानिक भाषेत वाचून दाखवणे बंधनकारक आहे. तोवर उठू नका आणि आपला मुद्दा त्यात आला नसेल तर तिथेच सांगून लिहून घ्यायला लावा.

जिल्हाधिकारी कार्यालय किंवा जिल्हा परिषदेसारख्या कार्यालयांतले अभिलेख सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत नागरिकांना पाहू द्यावेत, असा राज्य सरकारचा नोव्हेंबर २०१८ चा निर्णय आहे. त्याचा उपयोग करून घ्या.

ही सगळी धावाधाव करावी लागते, कारण एका जागी सगळे आकडे दाखवणारी राष्ट्रीय नोंदवही आपल्याकडे नाही. अमेरिकेत ती आहे, आणि तिच्यामागे आपल्याच देशातले मृत्यू आहेत. नागपूरहून साडेतीनशे किलोमीटरवरच्या भोपाळमध्ये डिसेंबर १९८४ ची कारखान्यातल्या वायुगळतीची ती रात्र झाली, पुढच्या वर्षी त्याच कंपनीच्या पश्चिम व्हर्जिनियातल्या कारखान्यातून वायू गळला, आणि १९८६ मध्ये अमेरिकी संसदेने लोकांना जाणून घेण्याचा हक्क देणारा कायदा केला. त्या कायद्यामुळे तिथला कारखाना कोणते विषारी रसायन वर्षाला किती सोडतो, हे कोणालाही घरबसल्या पाहता येते. युरोपातल्या देशांनीही १९९८ चा आरहूस करार आणि २००३ चा कीव्ह प्रोटोकॉल यांतून तीच वाट धरली. भोपाळच्या देशाला अशी नोंदवही मिळायला हवी, ही मागणी आमदार-खासदारांपर्यंत जायला हवी.

तोवर स्वतःची वही ठेवा. काळा धूर किंवा उग्र वास कधी आला, किती वेळ टिकला, वारा कुठून होता, हे तारीख-वेळेसह लिहा. मंडळाकडे तक्रार त्याच दिवशी ईमेलने करा आणि क्रमांक घ्या. महिन्याभराने त्याच तारखेचे, त्याच तासाचे सतत मापनाचे आकडे माहितीच्या अधिकारात मागा. तुमच्या वहीत धूर आणि त्यांच्या तक्त्यात शांतता दिसली, तर ती विसंगती कोणत्याही घोषणेपेक्षा भारी पडते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठापुढे जायचे ठरले, तर हीच वही आणि हेच कागद उपयोगी पडतात. हे करताना एक विसरू नका: त्या कारखान्यात गावातलीच माणसे कामाला असतात. चिमणीजवळ सर्वांत आधी श्वास घेणारे तेच. त्यांना विरोधक समजू नका आणि त्यांची नोकरी जाईल अशी कोणतीही माहिती त्यांच्या नावाने बाहेर काढू नका. नस्तीतून मिळणारे कागद पुरेसे बोलके असतात.

घरातल्या दिनदर्शिकेवर चार तारखांभोवती खूण करून ठेवा: ३० एप्रिल राखेच्या वार्षिक अहवालासाठी, १ जून आणि १ डिसेंबर पर्यावरण मंजुरीच्या अटींसाठी, ३० सप्टेंबर नमुना ५ साठी. प्रत्येक तारखेनंतर पंधरा दिवसांनी त्या त्या कागदासाठी अर्ज द्या, आणि पोचपावतीवर आवक क्रमांक पडला आहे ना, हे खिडकीवरून हलण्यापूर्वी पाहा.